संशोधन, आपली मुले आणि आपली शाळा

स्मरणिका हाती आली की आपण सारे आधी जुनी छायाचित्रे पाहतो आणि मग माजी विद्यार्थ्यांची यादी वाचतो. कोण डॉक्टर झाला, कोण अभियंता झाली, कोण तहसील कचेरीत लागला, कोण परदेशी गेली. ही यादी वाचताना ऊर भरून येतो, आणि तो यावाच. ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर बसून अक्षरे गिरवावी लागली, त्यांच्या नातवंडांची ही यादी आहे. तरीही ती वाचताना आम्हां काही माजी विद्यार्थ्यांच्या मनात एक प्रश्न घोळत राहतो. दुसऱ्यांनी शोधलेले ज्ञान शिकून मार्गी लागलेले आपल्यात पुष्कळ आहेत. नवे ज्ञान शोधणारे किती आहेत?

बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून, मुक्तिदाते म्हणून वंदन करतो. ते आयुष्यात सर्वप्रथम संशोधक होते, याची आठवण मात्र आपल्या व्याख्यानांत क्वचितच निघते. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडनने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. पुढे जे घडले त्याच्या मुळाशी ग्रंथालयात घालवलेली ती वर्षे होती. म्हणूनच संशोधन ही दुसऱ्यांची वस्तू आहे असे आपण मानू नये, असे आम्हांला वाटते. गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या शास्त्रांत जे नवे काम झाले, त्यातील काही उदाहरणे आम्ही येथे मांडत आहोत. त्यांतली काही आपल्या मुलांना धीर देतील. काही मात्र आपल्या शाळेलाच अडचणीचे प्रश्न विचारतील, आणि तेही आपण ऐकले पाहिजेत.

आरंभ गणितापासून करू, कारण आपल्या मुलांना सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटते. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात सेंट मेरीज अकॅडमी ही मुलींची शाळा आहे. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, कृष्णवर्णीय ख्रिस्ती भगिनींच्या एका संघाने ती सुरू केली. उपेक्षित समाजाच्या लेकींसाठी त्याच समाजातील माणसांनी चालवलेली ही शाळा आहे, हे ध्यानात घ्यावे. या शाळेतील कॅल्सिया जॉन्सन आणि नेकिया जॅक्सन या दोन विद्यार्थिनींना २०२२ च्या अखेरीस गणिताच्या एका स्पर्धेत जादा गुणांचा प्रश्न मिळाला : पायथागोरसच्या प्रमेयाची नवी सिद्धता द्या. त्रिकोणमितीच्या साहाय्याने हे प्रमेय सिद्ध करता येणार नाही, कारण त्रिकोणमिती स्वतःच त्या प्रमेयावर उभी आहे, असे मत दीर्घकाळ रूढ होते. २००९ मध्ये एका अभ्यासकाने त्याला छेद दिला होता. या दोघींनी आपल्या वेगळ्याच वाटेने तशी सिद्धता शोधली, मार्च २०२३ मध्ये ती गणितज्ञांच्या परिषदेत मांडली आणि २०२४ मध्ये आणखी सिद्धतांसह एका मान्यवर गणित नियतकालिकात प्रसिद्ध केली. शाळेत मिळालेल्या एका प्रश्नातून, शाळेत असतानाच सुरू झालेले हे काम आहे.

त्याच २०२३ साली इंग्लंडमधील डेव्हिड स्मिथ या मुद्रण व्यवसायातून निवृत्त झालेल्या गृहस्थाचे नाव जगभर झाले. फावल्या वेळात आकृत्यांशी खेळता खेळता त्यांना तेरा बाजूंचा, टोपीसारखा दिसणारा एक आकार सापडला. त्याच्या फरश्या जोडत गेल्यास अमर्याद जमीन फटीविना झाकता येते, पण त्या नक्षीची ठरावीक पुनरावृत्ती कधीच होत नाही. असा एकच आकार असू शकतो का, हा प्रश्न गणितज्ञांपुढे अनेक दशके पडून होता. स्मिथ यांनी जाड कागदाचे तुकडे कापून ते जुळवून पाहिले, शंका खरी वाटली तेव्हा जाणकारांना पत्र धाडले, आणि तिघा अभ्यासकांच्या साथीने सिद्धता पूर्ण झाली. कागद आणि कात्री तर आपल्या हस्तकलेच्या तासालाही असतात.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. नाशिकजवळच्या देवळालीत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर तेच करीत राहा. ३५२४ घेतल्यास प्रथम ३०८७ येतात, मग ८३५२ आणि मग ६१७४. सात पायऱ्यांच्या आत प्रत्येक संख्या ६१७४ पाशी येऊन थांबते. कापरेकरांना हे १९४९ च्या सुमारास सापडले. आपल्याकडे बरीच वर्षे त्यांची दखल घेतली गेली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील नियतकालिकात लिहिले तेव्हा जग त्यांना ओळखू लागले. आज ती संख्या त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पाचवीतले मूल वजाबाकी शिकले की हा प्रयोग करून पाहू शकते, आणि 'सर, पाच अंकी संख्या घेतली तर?' असे विचारूही शकते. हा प्रश्न विचारला जाणे, हीच संशोधनाची सुरुवात होय.

पण आपल्या वर्गात असे प्रश्न येतात का? २०२५ च्या आरंभी 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी विकणाऱ्या मुलांकडे हे संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले. आठशे ग्रॅम हे, सव्वा किलो ते, नोट मोठी, सुट्टे परत द्या, असा हिशेब त्या मुलांनी कागदाविना, तोंडी आणि बिनचूक केला. तसलीच आकडेमोड पुस्तकी पद्धतीने मांडून दिली तेव्हा त्यांतील बहुतेक अडखळली. मग संशोधकांनी बाजारात काम न करणारी शाळकरी मुले घेतली. त्यांना पुस्तकातली गणिते अधिक येत होती; बाजारातला हिशेब मात्र येत नव्हता. एकाच देशातल्या, जवळपास एकाच वयाच्या मुलांच्या डोक्यात दोन गणिते वेगवेगळी नांदत आहेत आणि त्यांच्यामध्ये पूल नाही, असा या संशोधनाचा अर्थ आहे.

आपल्या वसतिगृहातील किती मुले दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत आईबरोबर आठवडी बाजाराला बसतात, हे आपण सारे जाणतो. तीच मुले जूनमध्ये परत येतात आणि गणितात कच्ची म्हणून मागच्या बाकावर बसतात. कच्चे मूल नाही. त्याला आधीच येत असलेल्या गणिताची आपण कधी विचारपूसच केली नाही. हा दोष आम्ही कोणा एका शिक्षकाला देत नाही. आम्ही स्वतःही शिक्षक झाल्यावर तेच केले आहे.

आता भौतिकशास्त्राकडे येऊ, कारण त्याची एक मोठी प्रयोगशाळा आपल्या मराठवाड्याच्या मातीत उभी राहत आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' या वेधशाळेच्या दोन उपकरणांनी गुरुत्वीय लहर प्रथमच टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती आणि त्याचा हिंदोळा इतक्या काळाने पृथ्वीवर पोचला. उपकरणाची प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांब आहे, आणि त्या लहरीने तिच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी सूक्ष्म होता. गोंगाटातून असा अस्फुट संकेत कसा ओळखावा, याच्या गणिती पद्धती घडवण्यात पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील संजीव धुरंधर यांचा मोलाचा वाटा आहे. तशाच वेधशाळेला हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे उभारण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. उद्या तेथे आपली मुले पहारेकरी आणि वाहनचालक म्हणून लागतील, हे जवळपास निश्चित आहे, आणि त्या कष्टात कमीपणा काहीच नाही. परंतु आतल्या यंत्रांपुढे त्यांपैकी कोणी बसेल का, हे आज आपल्या आठवीच्या वर्गात ठरत आहे.

याच क्षेत्रातील आणखी एक घटना आम्ही मुलांना मुद्दाम सांगू इच्छितो. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील एका दुर्बिणीच्या चमूने विश्वाच्या जन्मकाळच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचे जाहीर केले. जगभर आनंद झाला. इतरांनी तपासणी सुरू केली, आणि वर्षभरात स्पष्ट झाले की दिसले होते त्यात आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा वाटा होता. दावा टिकत नव्हता. त्या चमूने दुसऱ्या चमूबरोबर मिळून केलेल्या विश्लेषणातूनच ते जगापुढे आले. कालामांना तथागतांनी दिलेल्या उपदेशावर आपण परिपाठात अनेकदा बोलतो : परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही मानू नका. बोलणे सोपे आहे. भर सभेत केलेला आपला दावा चुकला हे कबूल करणे अवघड आहे, आणि ते वर्गात शिक्षकाने एकदा करून दाखवले तर पन्नास व्याख्यानांचे काम होते.

असल्या तपासणीचे मोल आपल्या समाजाइतके दुसऱ्या कोणाला कळणार? गुरांच्या रोगांचेच पाहा. बुळकांड्या हा रोग एकेकाळी गावेच्या गावे गुरांवाचून रिकामी करीत असे. मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम गावाने ज्यांच्या माथी मारले होते, त्यांच्यावरच अनेकदा 'यांनीच विष घातले' असा आळ येई. उत्तर हिंदुस्थानातील चर्मकार जातींवर घेतलेले असे आळ ब्रिटिश काळातील कागदपत्रांत नोंदलेले आहेत. जनावर मरते ते कशाने, हे ठाऊक नसले की समाज दुबळ्या माणसाकडे बोट दाखवतो. बुळकांड्या हा एका विषाणूचा रोग. त्यावर आपल्या देशातही काम झाले. १८८९ मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी एक प्रयोगशाळा स्थापन झाली, चार वर्षांनी ती हिमालयातील मुक्तेश्वरला गेली, आणि १९२० च्या दशकात तेथे शेळ्यांच्या साहाय्याने या रोगावर लस तयार झाली. पुढे केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी अधिक सुरक्षित लस दिली. २०११ मध्ये बुळकांड्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग.

२०२२ मध्ये लम्पी आपल्या दारी आला तेव्हा आम्ही गावोगाव काय पाहिले? गाठींनी भरलेली गाय, बंद पडलेले बाजार, आणि 'दूध पिऊ नका, माणसालाही होतो' अशी कुजबुज. हा रोग माणसाला होत नाही; तो प्रामुख्याने डास, माश्या, गोचीड यांच्यामुळे पसरतो. १९२९ मध्ये आफ्रिकेत प्रथम आढळलेला हा रोग २०१९ मध्ये भारतात ओडिशात दिसला. शेळ्यांच्या देवीवरील लस त्यावर उपयोगी पडली आणि आपल्या संशोधकांनी खास लम्पीसाठीही लस विकसित केली. सुटीत घरी आलेल्या नववीतल्या मुलीने गोठ्यात धूर करावा, आजारी गाय वेगळी बांधावी, पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणावी आणि अफवा पसरवणाऱ्याला शांतपणे उत्तर द्यावे, एवढे जरी झाले तरी त्या घराची एक गाय आणि कर्जाचा एक हप्ता वाचतो. ज्ञानाचा उपयोग एवढा जवळ असतो.

येथवर आपण शाळेबाहेर पाहिले. पुढच्या दोन गोष्टी मात्र शाळेच्या आतल्या आहेत.

पहिली भाषेची. निकाराग्वा या मध्य अमेरिकेतील देशात १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कर्णबधिर मुले आपापल्या घरी एकएकटी राहत आणि घरच्यांशी काही खुणांनी बोलत. त्यानंतर राजधानी मानाग्वातील शाळांत ती प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवू पाहत होते, पण ते फारसे साधले नाही. मुलांनी मात्र मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये आपापल्या खुणा एकत्र करून नवी भाषा उभी केली. मागाहून आलेल्या लहान मुलांनी तिला व्याकरण दिले, तिची वळणे पक्की केली. भाषाशास्त्रज्ञांनी एका भाषेचा जन्म तेथे डोळ्यांदेखत पाहिला. भाषा घडवण्याचे हे सामर्थ्य मुलांत असते, आणि सर्वांत लहान मुलांत ते सर्वांत अधिक असते.

आपल्या वसतिगृहातही दरवर्षी अनेक बोली येतात. वऱ्हाडी येते, झाडीबोली येते, कुठे गोंडी, कुठे कोरकू. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात काही हजार माणसे निहाली बोलतात. जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी तिचे नाते जुळलेले नाही. अशी संपत्ती घेऊन आलेल्या मुलांना आपण काय देतो? आमच्या वर्गातला एक मुलगा गणिताच्या तासाला उभा राहून म्हणाला होता, 'सर, मले नाही समजलं.' वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि शिक्षकांनी 'मले' या शब्दाची दुरुस्ती केली. त्याला काय समजले नव्हते, ते कोणी विचारले नाही. त्यानंतर दहावीपर्यंत त्याने कोणत्याही तासाला प्रश्न विचारल्याचे आम्हांला आठवत नाही. प्रमाण मराठी आणि इंग्रजी दोन्ही यायलाच हव्यात. स्पर्धेच्या जगात त्यांच्यावाचून दार उघडत नाही, हे आम्ही नाकारत नाही. पण पहिला प्रश्न मुलाने आपल्या बोलीत विचारला तरी चालेल, एवढी मोकळीक आपल्या वर्गात हवी.

दुसरी गोष्ट सांगताना आमचा हात जरा अडखळतो. रुमानियात १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुले सरकारी बालगृहांत असल्याचे जगाला दिसले. खाणे होते, छप्पर होते. आपले म्हणावे असे माणूस नव्हते. २००० नंतर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीनाह या संशोधकांनी बुखारेस्टमधील सहा बालगृहांतील १३६ तान्ह्या आणि लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या मुलांना सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवले गेले. पुढील वर्षांत असे दिसले की कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, मेंदूची क्रिया आणि माया लावण्याची क्षमता अधिक चांगली वाढली. आणि दोन वर्षांच्या वयाआधी गेलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. दोन वर्षांखालील मुलांना बालगृहात ठेवण्यास रुमानियाने पुढे कायद्याने मनाई केली.

आपली शाळा म्हणजे ते बालगृह नव्हे, हे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. आपली मुले तान्ही नसतात, त्यांना आईवडील असतात, ती सुटीत घरी जातात, आणि या शाळेने आम्हांला जे दिले ते घर देऊ शकले नसते. तरी सहा-सात वर्षांचे मूल गादीचे बोचके घेऊन फाटकातून आत येते आणि आईचा हात सोडते, तो क्षण आपल्यापैकी अनेकांना अजून स्वप्नात दिसतो. त्या रात्री आपल्यापाशी कोण आले होते? ज्यांच्यापाशी स्वयंपाकघरातल्या मावशी आल्या, किंवा एखादे रात्रपाळीचे गृहपाल आले, त्यांना त्यांची नावे आजही आठवतात. काहींपाशी कोणीच आले नव्हते. मुलाला नावाने ओळखणारे, त्याच्या आजारपणात कपाळावर हात ठेवणारे एक ठरलेले माणूस लागते, हे त्या मावशींना ठाऊक होते. संशोधकांनी ते मोजून दाखवले.

यावर काही पालक म्हणतील, आधी पोट, मग संशोधन. त्यांचे म्हणणे खोटे नाही. मुलगा पदवीधर झाला की घर त्याच्या पगाराची वाट पाहते, आणि संशोधनाला पाच-सात वर्षे जातात. प्रत्येक मुलाने संशोधक व्हावे असे आमचे म्हणणे नाहीच. पण परिचारिका असो, तलाठी असो वा शेतकरी, 'हे कशावरून?' असे विचारणारा माणूस सावकाराकडून, भोंदूकडून आणि अफवेकडून कमी फसतो. आणि ज्या एखाद्या मुलीला खरोखर शोध घ्यायचा आहे, तिला घराच्या ओढीपायी थांबावे लागू नये, ही जबाबदारी एकट्या तिच्या बापाची नसून आपल्या सर्वांची आहे.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे चार सूचना ठेवतो. आठवड्यातून एक तास गुणांविना प्रश्नांसाठी राखावा. वर्गात एक प्रश्नवही असावी आणि ज्याचे उत्तर शिक्षकांनाही येत नाही तो प्रश्न तीत तारखेसह लिहावा. मुलांनी घरच्या बोलीतील शब्द आणि बाजारातले हिशेब आणावेत, ते वर्गात अभ्यासावेत. प्रत्येक दहा-बारा लहान मुलांमागे एक ठरलेले मोठे माणूस असावे, आणि त्यासाठी इमारतीच्या रंगरंगोटीचा खर्च पुढे ढकलावा लागला तरी ढकलावा. चौथी सूचना आमच्यासाठीच आहे : मूलभूत विज्ञान, गणित, भाषाशास्त्र अशा विषयांत पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे घरी पाठवता येईल इतकी रक्कम माजी विद्यार्थ्यांनी मिळून उभी करावी. या निधीत आम्ही या वर्षीपासून आमचा वाटा देत आहोत.

या सूचना चुकीच्या असतील तर तसे दाखवून द्यावे. वर्षभर करून पाहावे, काय झाले ते लिहून ठेवावे, आणि पुढच्या स्मरणिकेत यशाच्या यादीशेजारी तेही छापावे, फसलेल्या प्रयत्नांसह. तसे एक पान आपल्या स्मरणिकेत आजवर आम्ही पाहिलेले नाही.